हाफ-टन पिकअपला फिफ्थ-व्हील ट्रेलर जोडायचा आहे: काय काय तयारी करावी?

नदीपल्याड
नमस्कार मंडळी. पुढच्या वर्षी निवृत्त झाल्यावर मी आणि सौ. वर्षातले काही महिने फिफ्थ-व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडायचे चाकांवरचे घर, घेऊन फिरण्याच्या विचारात आहोत. आम्ही टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला राहतो. पहिला बेत बिग बेंडचा आहे आणि उन्हाळ्यात कोलोरॅडो गाठायचे आहे. सध्या आमच्याकडे चार दरवाज्यांचा एफ-१५०, म्हणजे फोर्डचा हलक्या, हाफ-टन वर्गातला पिकअप, आहे, त्याचा हौदा साडेपाच फुटी आहे. जो ट्रेलर पसंत पडला आहे, त्याचे कोरडे वजन ८,९०० पौंड असून सामानसुमानासह कमाल मर्यादा, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, ११,५०० पौंड आहे. माहितीपत्रकाप्रमाणे आमचा ट्रक ११,००० पौंडांहून अधिक वजन ओढू शकतो. ट्रेलरचा विक्रेता म्हणतो की निर्धास्त राहा, मागच्या पाट्यांवर हवेच्या पिशव्या बसवून देतो, काम झाले. हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचे उपकरण, कोणता घ्यावा, वायरिंग कसे करावे आणि आणखी काय मजबूत करून घ्यावे, हे अनुभवी सभासदांनी सांगावे, ही विनंती.

अटकेपार
हिचकडे नंतर वळू. आधी चालकाच्या बाजूचे दार उघडा आणि खांबावर चिकटवलेला पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा कागद वाचा. माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा अधिक वजन असू नये, असे त्यावर लिहिलेले असते. तो आकडा इथे द्या.

नदीपल्याड
पाहिला. १,६२० पौंड आहे.

अटकेपार
मग विषय जवळजवळ इथेच संपतो, पण कारण नीट सांगतो, म्हणजे पुढे कोणी विक्रेता भेटला तरी तुम्ही गोंधळणार नाही.

ट्रेलर किती ओढता येईल हा एक आकडा आणि ट्रकच्या पाठीवर किती वजन ठेवता येईल हा दुसरा. मागच्या बंपरजवळच्या गोळ्याला जोडायचा साधा ट्रेलर आपल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार ट्रकवर टाकतो. फिफ्थ-व्हीलचे नाक थेट हौद्यात, मागच्या धुऱ्याच्या माथ्यावर बसते आणि १५ ते २५ टक्के भार टाकते. हिशेबाला २० टक्के धरण्याचा प्रघात आहे. तुमचा ट्रेलर भरला की ११,५०० च्या २० टक्के, म्हणजे २,३०० पौंड, केवळ किंगपिनवरून, म्हणजे ट्रेलरच्या नाकाखालच्या जोडखुंटीवरून, हौद्यात उतरणार. ट्रेलर संपूर्ण रिकामा ओढायचा म्हटले तरी ८,९०० चे २० टक्के १,७८० होतात, म्हणजे त्यात एक चमचाही ठेवायच्या आधी मर्यादा ओलांडली गेली.

आता उलट बाजूने येऊ. १,६२० मधून तुम्हा दोघांचे ३३० वजा करा, सरकत्या हिचचे निदान २०० वजा करा, हत्यारांची पेटी आणि किरकोळ सामानाचे १०० वजा करा. उरले ९९०. हे २० टक्के धरले तर ट्रेलर पाच हजार पौंडांच्या आतला हवा. ज्या ट्रकच्या माहितीपत्रकात ११,००० छापले आहेत, त्याच ट्रकची फिफ्थ-व्हीलसाठीची खरी कुवत त्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. माहितीपत्रकातला आकडा खोटा नसतो. एसएई जे-२८०७ या प्रमाणित चाचणीत ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे धरतात, आणि तुमच्या ट्रकवर कारखान्यात चढवलेले काचेचे छत, चामडी आसने, पायऱ्या यांनी पाठीवरची जागा आधीच खाल्लेली असते. दारावरचा आकडा मात्र तुमच्याच गाडीचा असतो.

घाटमाथा
अटकेपार यांच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही. मी स्वतः हाफ-टन ट्रकने फिफ्थ-व्हील ओढतो. ट्रेलर लहान आहे, ७,००० पौंडांच्या आतला, आणि वजनकाट्यावर सगळे आकडे मर्यादेत येतात. माझ्या ट्रकच्या दारावरचा आकडा २,२०० च्या पुढे आहे, कारण मी मुद्दाम साधे, बिनसजावटीचे मॉडेल घेतले. तेव्हा 'हाफ-टनने फिफ्थ-व्हील ओढताच येत नाही' असा सरसकट निकाल देऊ नये.

अटकेपार
तसा निकाल मी दिलेला नाही. तुमचा ट्रक आणि तुमचा ट्रेलर यांचे गणित जुळते. नदीपल्याड यांचे जुळत नाही.

खटपट्या
हवेच्या पिशव्या बसवल्याने काहीच फायदा होत नाही का? माझ्या ओळखीत निम्म्या लोकांनी बसवल्या आहेत आणि ट्रकची बूड खाली बसत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पैठणी_आणि_पाना
बूड खाली बसत नाही हे खरे, आणि त्यातच घोटाळा आहे. पिशव्या ट्रकची मागची बाजू वर उचलून धरतात, त्यामुळे दिवे समोरच्या गाडीच्या डोळ्यांत जात नाहीत आणि गाडी समतल दिसते. पण धुरा तोच राहतो, चाकांचे बेअरिंग तेच, ब्रेक तेच, टायर तेच आणि चौकटही तीच. दारावरचा आकडा पिशव्यांमुळे एका पौंडानेही वाढत नाही. ज्याचा भार मर्यादेत आहे पण गाडी थोडी झुकते, त्याने पिशव्या अवश्य बसवाव्यात. ज्याचा भार मर्यादेबाहेर आहे, त्याला पिशव्या लावून देणे म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर झटकून ठेवण्यासारखे आहे.

नदीपल्याड काका, त्या विक्रेत्याला एवढेच विचारा की ही गोष्ट तो कागदावर लिहून देईल का.

खटपट्या
थर्मामीटर! आमच्या आजीची आठवण झाली. मुद्दा पटला.

नदीपल्याड
विचारले. लिहून द्यायला तो तयार नाही.

तेव्हा ट्रक बदलण्याचा विचार गंभीरपणे सुरू केला आहे. आता एक पायरी वरचा, थ्री-क्वार्टर-टन वर्गातला डिझेल ट्रक पाहतो आहे. एवढा मोठा ट्रक म्हटल्यावर निश्चिंत राहता येईल ना?

अटकेपार
तिथेही दार उघडूनच पाहावे लागेल. एफ-२५० किंवा २५०० वर्गातले बरेच ट्रक सुमारे १०,००० पौंडांच्या जीव्हीडब्ल्यूआरवर नोंदलेले असतात. डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा काही शे पौंडांनी जड असते, त्यात चार दरवाजे, फोर-व्हील-ड्राइव्ह आणि वरच्या दर्जाची सजावट आली की दारावर २,१०० ते २,६०० एवढाच आकडा उरलेला मी अनेकदा पाहिला आहे. तुमची गरज अशी: पिनचे २,३००, हिचचे २००, माणसांचे ३३०, किरकोळ १५०. बेरीज २,९८०. गंमत अशी की त्याच कंपनीचा त्याच वर्गातला पेट्रोल ट्रक ३,००० च्या वर जातो आणि अधिक देखणा, अधिक महाग डिझेल नापास होतो.

एक-टनी, मागे एकेरी चाकांचा ट्रक पाहा. त्यात साधारण ३,५०० ते ४,३०० चा पल्ला मिळतो. दिसायला तो थ्री-क्वार्टर-टनासारखाच असतो आणि किमतीतला फरक तुलनेने थोडा असतो. मागे जोडचाकी ट्रक तुमच्या ट्रेलरला गरजेचा नाही.

घाटमाथा
पण कोलोरॅडोला जायचे असेल तर डिझेलच हवे, यावर मी ठाम आहे. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावते. आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्याचे पश्चिम तोंड ११,१५८ फुटांवर आहे. तिथे पोचेपर्यंत इंजिनाची एक-तृतीयांश ताकद हवेतच विरलेली असते. शिवाय बोगद्यातून बाहेर पडून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना मैलोन्‌मैल तीव्र उतार आहे, बाजूला ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी वाळू-खडीचे चढते रस्ते बांधून ठेवलेले आहेत. त्या उतारावर डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग रोखणारी सोय, चालू केला की पायाला फारसे काम राहत नाही.

पैठणी_आणि_पाना
चढावर हळू जाण्याने कोणाचे काही बिघडत नाही, उजव्या लेनमध्ये मालवाहू ट्रकांच्या मागे निवांत चालावे. मी अॅरिझोनात राहते आणि ज्या डेव्हिस डॅमच्या चढावर ही जे-२८०७ चाचणी घेतात, तो चढ माझ्या नेहमीच्या वाटेवर आहे. १०० अंश फॅरनहाइटच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, एकेरी चाकांच्या ट्रकने तिथे ताशी ४० मैलांच्या खाली येऊ नये, एवढीच अपेक्षा असते. म्हणजे ४० चा वेग ही नामुष्की नसून उत्तीर्ण होण्याची खूण आहे.

उताराबद्दल घाटमाथा यांचे म्हणणे रास्त आहे. पेट्रोल इंजिन असेल तर टो-हॉल मोड, म्हणजे ओझे ओढताना वापरायची गिअरची पद्धत, लावून, उतार सुरू होण्याआधीच खालच्या गिअरमध्ये यावे लागते आणि इंजिनाचा मोठा आवाज सहन करावा लागतो. ज्यांना वर्षातून एकदाच डोंगर चढायचा आहे, त्यांनी डिझेलच्या देखभालीचा खर्चही मांडून पाहावा.

उरणकर
मी अमेरिकेत राहत नाही, पण शीर्षक वाचून राहवले नाही. आमचा उरणला कंटेनर वाहतुकीचा व्यवसाय आहे, जेएनपीटीच्या बंदरातून दिवसरात्र ट्रेलर निघतात. तुमच्या फिरत्या घराचा किंगपिन आणि आमच्याकडच्या बहुतेक कंटेनर ट्रेलरचा किंगपिन एकाच मापाचा, दोन इंची, असतो असे दिसते. तसे असेल तर आमच्या चालकांची एक सवय तुम्हाला उपयोगी पडेल.

जोडताना खटका वाजला म्हणजे पिन बसली, असे कधीही मानू नये. ट्रेलरचे नाक गरजेपेक्षा वर राहिले असेल तर पिन हिचच्या जबड्याच्या वरच टेकते, जबडा पिनच्या मानेऐवजी खालच्या बोंडाला कसाबसा धरतो आणि वरवर सगळे ठीक दिसते. पहिल्या खड्ड्यात किंवा पहिल्या ब्रेकला ट्रेलर सुटतो. म्हणून आमचा चालक विजेरी घेऊन वाकतो आणि दोन गोष्टी पाहतो: हिचची ताटली आणि ट्रेलरची वरची पट्टी यांच्यामध्ये फट नाही ना, आणि जबडा पिनच्या बारीक मानेभोवती पूर्ण मिटला आहे ना. त्यानंतर ट्रेलरचे पाय जमिनीवर असतानाच, ट्रेलरचे ब्रेक धरून, पहिल्या गिअरमध्ये हलका ओढा देतो. पाय वर घ्यायचे ते त्यानंतर.

नदीपल्याड
उरणकर साहेब, मनःपूर्वक आभार. हे इथल्या कोणत्याही विक्रेत्याने सांगितले नव्हते.

पैठणी_आणि_पाना
उरणकरांनी सांगितले ते शंभर टक्के लागू आहे. इकडे त्यात थोडी भर घालते, कारण ट्रेलर जोडण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे आहे.

ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय काहीही सुरू करायचे नाही. ट्रकचा मागचा फाळका आधी खाली पाडायचा. ट्रेलरची पट्टी हिचच्या ताटलीपेक्षा किंचित खाली ठेवायची, म्हणजे ट्रक मागे येताना ताटली ट्रेलरला जरासे उचलून घेते आणि पिन वर चढून बसण्याची शक्यता राहत नाही. जबडा मिटला की हँडल पूर्ण आत गेले आहे का ते पाहून त्याला सुरक्षा-खिळा घालायचा. मग सात पिनांची वायर आणि तुटीचा दोर, म्हणजे ब्रेकअवे केबल. हा दोर ट्रकच्या चौकटीशी पक्क्या जोडलेल्या जागी अडकवावा. काही जण तो हिचच्या हँडललाच गुंडाळतात. ट्रेलर सुटला तर हा दोर खेचला जाऊन ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर त्याचे ब्रेक लागायचे असतात, त्यामुळे ज्या वस्तूच्या बिघाडाने ट्रेलर सुटेल त्याच वस्तूला तो बांधण्यात काही अर्थ नाही. आणि ती बॅटरी उतरलेली असेल तर दोर असून नसल्यासारखाच.

या सगळ्या वेळात कोणी गप्पा मारायला आले तर मी सरळ सांगते की पाच मिनिटे थांबा. कॅम्पग्राउंडवर माणसे नेमकी याच वेळी चौकशी करायला येतात.

कन्नडघाट
आमचे हे आल्यागेल्याशी बोलत बोलत जोडतात आणि फाळका खाली पाडायचे विसरतात. फाळका नवा बसवून घेतल्यापासून बोलणे कमी झाले आहे.

खटपट्या
कन्नडघाट ताई, बोलणे कमी व्हायला फाळक्याची किंमत फार नाही, असे आमच्या घरून कळवण्यास सांगितले आहे.

हौद्याच्या लांबीबद्दल कोणी बोललेच नाही. साडेपाच फुटी, साडेसहा फुटी आणि आठ फुटी यांत नेमका काय फरक पडतो?

अटकेपार
वळताना पडतो. ट्रेलरची रुंदी ९६ ते १०२ इंच असते, म्हणजे पिनपासून कडेपर्यंत सुमारे ५० इंच. पिन मागच्या धुऱ्यावर किंवा त्याच्या दोन-तीन इंच पुढे असावी लागते, नाहीतर पुढच्या चाकांवरचा भार कमी होऊन स्टिअरिंग हलके पडते. साडेपाच फुटी हौद्यात धुऱ्यापासून केबिनपर्यंत एवढी जागाच नसते, त्यामुळे उलट घेताना ट्रक आणि ट्रेलर काटकोनाजवळ आले की ट्रेलरचा कोपरा केबिनची मागची काच फोडतो. त्यावर उपाय म्हणजे सरकता हिच. काही हिच हाताने मागे सरकवावे लागतात, काही वळणाबरोबर आपोआप सरकतात. दुसरे बरेच जड आणि महाग असतात, आणि ते वजनही पाठीवरच्याच हिशेबात मोजले जाते.

साडेसहा फुटीत, कोपरे आत घेतलेल्या नव्या ट्रेलरांना बहुतेक वेळा साधा हिच चालतो, पण उलट घेताना डोळा ठेवावा लागतो. आठ फुटीत चिंता नाही. मात्र चार दरवाजे आणि आठ फुटी हौदा असा ट्रक सुमारे २२ फूट लांब होतो आणि किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये दोन जागा व्यापतो.

बोस्टनचा_बाळू
आणि उंचीचे? आमच्या शहरात स्टोरो ड्राइव्हच्या बुटक्या पुलांखाली दर सप्टेंबरला विद्यार्थ्यांचे सामान नेणारे भाड्याचे ट्रक अडकतात, आणि त्या प्रकाराला इथल्या लोकांनी खास नावही दिले आहे. फिफ्थ-व्हील तर १३ फुटांच्या आसपास उंच असतो. पूर्वेकडे येणार असाल तर नुसत्या मोबाइलच्या नकाशावर विसंबू नका. कनेक्टिकटच्या मेरिट पार्कवेसारख्या रस्त्यांवर तर ट्रेलरला मुळातच बंदी आहे. मालवाहू गाड्यांसाठीचा किंवा आरव्हीसाठीचा, म्हणजे फिरत्या घरांसाठीचा, जीपीएस घ्या, त्यात आपली उंची आणि वजन भरता येते.

घाटमाथा
आता वायरिंग आणि ब्रेक. सात पिनांचे सॉकेट हौद्याच्या आत, चालकाच्या बाजूच्या भिंतीत हवे. ते नसेल तर मागच्या बंपरवरच्या सॉकेटला जोडून हौद्यात नेणारी तयार वायर मिळते. बंपरवरून फाळक्यावर लोंबती वायर नेऊ नये, ती फाळक्यात चिरडते. ब्रेकचे नियंत्रण बहुतेक नव्या जड ट्रकांमध्ये कारखान्यातूनच असते. मोकळ्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर ताशी २५ मैलांच्या वेगात फक्त ट्रेलरचा हाताचा ब्रेक दाबून पाहावा. ट्रेलरने ट्रकला स्पष्टपणे मागे खेचले पाहिजे, पण चाके जाम होता कामा नयेत. ट्रेलर भरलेला असताना आणि रिकामा असताना ही जुळणी पुन्हा करावी लागते.

टायरबद्दल एकच सांगतो. ट्रेलरचे टायर वरून कोरे करकरीत दिसत असले तरी त्यांच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे असतात. वर्षभरातून फार तर काही आठवडेच चालणारा ट्रेलर टायर झिजवत नाही, उन्हात उभा राहून ते वाळवतो.

नदीपल्याड
मंडळी, चर्चेचा उपयोग झाला. वापरलेला, पेट्रोलवर चालणारा ७.३ लिटरचा एफ-३५० घेतला. मागे एकेरी चाके, हौदा आठ फुटी, दारावर ३,८९० पौंड. हौद्यात कारखान्याची फिफ्थ-व्हील तयारी आहे, म्हणजे चार कोपऱ्यांतल्या खाचांत हिचचे पाय बसवून फिरवले की झाले, भोके पाडावी लागली नाहीत. सौ. ना ट्रकचा रंग आवडला नाही, तेवढी एक बाजू लंगडी आहे.

दोन शंका उरल्या आहेत. टेक्सासमध्ये वेगळा परवाना लागेल का? आणि ट्रेलर जोडून पाहिला तर हौद्याची कड आणि ट्रेलरचा पुढे आलेला भाग यांत जेमतेम चार इंच अंतर आहे. हे पुरेल का?

अटकेपार
अभिनंदन. ट्रक आणि ट्रेलर यांच्या मर्यादांची बेरीज २६,००१ पौंड किंवा त्याहून अधिक असेल आणि ट्रेलर १०,००० च्या वरचा असेल, तर टेक्सासमध्ये बिगर-व्यावसायिक 'अ' वर्गाचा परवाना लागतो. तुमच्या ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर साडेअकरा हजार धरला तरी बेरीज २३,००० होते, त्यामुळे आहे तोच परवाना चालेल. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना मात्र १०,००० ते १५,००० पौंडांच्या फिफ्थ-व्हीलसाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते. तिथे फिरायला गेलात तर एवढे ध्यानात ठेवा की ट्रेलर ओढताना कमाल वेग ताशी ५५ मैल आहे.

पैठणी_आणि_पाना
चार इंच पुरणार नाहीत. पेट्रोल पंपाच्या फुटपाथवरून एका बाजूची चाके चढली की ट्रेलर तिरका होतो आणि त्याची कड हौद्याच्या कडेवर आदळते. साडेपाच ते सहा इंच तरी ठेवा. हिचचे डोके वरच्या भोकांत नेऊन बोल्ट लावा किंवा ट्रेलरचा पिन-बॉक्स, म्हणजे किंगपिन धरणारी पेटी, खालच्या भोकांत घ्या, दोन्हीत ट्रेलरचे नाक वर येते. ट्रेलर मात्र जवळपास समतलच राहिला पाहिजे, कारण नाक फार वर गेले तर मागच्या धुऱ्यावर जास्त भार पडून तेच टायर तापतात. सपाट जमिनीवर, ट्रेलर भरून, पुढून आणि मागून चौकटीची उंची फूटपट्टीने मोजा.

हे झाल्यावर महामार्गावरच्या कोणत्याही मोठ्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट वजनकाट्यावर जा. तिथे पुढचा धुरा, मागचा धुरा आणि ट्रेलर यांची वजने वेगवेगळी मिळतात. एकदा ट्रेलरसह आणि एकदा ट्रेलर सोडून नुसता ट्रक, असे दोनदा वजन करा. ट्रकच्या दोन्ही धुऱ्यांच्या बेरजेतला फरक, म्हणजे तुमच्या पिनवरचा खरा भार. पाण्याची टाकी भरून मोजा, आणि सौ. ना सोबत न्या, त्यांचेही वजन दारावरच्या आकड्यात धरलेले आहे.

नदीपल्याड
पहिले सगळे करतो. शेवटचे वाक्य मी घरात वाचून दाखवणार नाही.

उरणकर
ताटलीवर ग्रीस लावायला विसरू नका. ग्रीस नको असेल तर पिनवर बसवायची प्लास्टिकची चकती मिळते, म्हणजे कपडे खराब होत नाहीत.